घरासाठीचं व्याज-अनुदान: कुणाला, किती आणि कसं मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला, दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाख ४० हजार. नाशिकच्या हद्दीलगत एका ग्रामपंचायतीत बांधकाम सुरू असलेला ५८ चौरस मीटर कार्पेटचा फ्लॅट ३४ लाखांना पसंत केलाय. बिल्डरच्या ओळखीची बँक २७ लाख कर्ज द्यायला तयार आहे. गावी वडिलांच्या नावावर पक्कं घर आहे. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं की २ लाख ६७ हजारांचं सरकारी अनुदान मिळेल. ते खरं का, तुम्ही पात्र आहात का आणि पैसे किती दिवसांत हातात येतील, हे तुम्हाला हवंय.

आधी सरळ उत्तर. ठरवलंय तसंच, म्हणजे २७ लाख कर्ज घेतलंत, तर एक रुपयाही मिळणार नाही. कर्ज २५ लाखांच्या आत आणलंत आणि बाकीचे कागद जुळले, तर जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतील. तेही एकदम नाही, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी. २ लाख ६७ हजार हा आकडा विसरून जा.

गृहकर्जाच्या अनुदानाच्या फाइली हाताळण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते: अनुदान मिळणार की नाही, हे कर्जाची फाइल उभी राहतानाच ठरून जातं. पुढे होते ती फक्त पडताळणी. कर्जाची रक्कम, मुदत, घर कुणाच्या नावावर आणि उत्पन्न किती दाखवलं, या चार गोष्टी मंजुरीपत्रावर सही करण्याआधीच ठरतात आणि मग बदलत नाहीत. लोक मात्र आधी कर्ज घेतात, ताबा घेतात, वास्तुशांत करतात आणि मग अनुदानाची चौकशी करायला येतात. त्या वेळी समोर बसलेल्या कुटुंबाला 'आता काही करता येणार नाही' असं सांगणं फार जड जातं. तुम्ही आधी विचारलंत, हे फार चांगलं झालं.

तो २.६७ लाखांचा आकडा आला कुठून? प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात कर्जाशी जोडलेलं व्याज-अनुदान होतं. ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के दराने, २० वर्षांचा हिशेब करून, सगळी रक्कम एकदम कर्जखात्यात जमा व्हायची. ती जास्तीत जास्त २ लाख ६७ हजारांच्या आसपास जायची. ६ ते १८ लाख उत्पन्नाच्या मध्यम गटांना त्याहून कमी मिळायचं. मध्यम गटांसाठीचं अनुदान ३१ मार्च २०२१ ला बंद झालं, कमी उत्पन्न गटांसाठीचं ३१ मार्च २०२२ ला. विक्री ऑफिसमधल्या माहितीपत्रकांत मात्र तो आकडा अजून छापलेला सापडतो. दुसरं म्हणजे, बिल्डर ना अनुदान देतो ना मंजूर करतो. त्याने तोंडी दिलेल्या आश्वासनाला इथे काहीच किंमत नाही.

आता चालू आहे ती प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी ती लागू झाली. तिचे चार भाग आहेत: स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांना मदत, भागीदारीतले परवडणारे गृहप्रकल्प, भाड्याची परवडणारी घरं आणि व्याज-अनुदान. फ्लॅट कर्ज काढून विकत घेताय, म्हणजे तुमचा संबंध चौथ्या भागाशी. एका कुटुंबाला चारांपैकी एकाच भागाचा लाभ घेता येतो.

व्याज-अनुदानाच्या मुख्य अटी अशा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, घराचं कार्पेट क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत, आणि कर्ज १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर होऊन वितरित झालेलं. देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नसावं. गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज-अनुदान, जास्तीत जास्त १२ वर्षांच्या हिशेबाने.

इथे लोक लगेच तोंडी गणित करतात: ८ लाखांचे ४ टक्के म्हणजे वर्षाला ३२ हजार, गुणिले १२, म्हणजे ३ लाख ८४ हजार. तसं होत नाही. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, तसं त्यावरचं ४ टक्के व्याजही घटत जातं. शिवाय पुढच्या वर्षांतली ती रक्कम ८.५ टक्के दराने आजच्या किमतीत आणली जाते. म्हणून वरची मर्यादा १ लाख ८० हजार. कर्जच ८ लाखांपेक्षा कमी असेल किंवा मुदत १२ वर्षांपेक्षा लहान असेल, तर त्याहूनही कमी.

आता तुमच्या कागदांकडे येतो.

गावच्या घराची तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी दिसते. योजनेत 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. आई-वडील त्यात येत नाहीत. तुम्ही विवाहित आहात आणि घर फक्त वडिलांच्या नावावर आहे, तर ते तुमचं घर धरलं जात नाही. (अविवाहित अर्जदाराचं वेगळं आहे. तो आई-वडिलांच्या कुटुंबात मोजला जाऊ शकतो आणि तिथे त्यांचं घर आडवं येऊ शकतं.) पण 'वडिलांच्या नावावर आहे' ही घरातली समजूत आहे की उताऱ्यावर तसं लिहिलंय, हे आधी बघा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. कितीतरी कुटुंबांत आजोबा गेल्यावर वारसनोंद होताना नातवंडांचीही नावं लागलेली असतात आणि कुणाला त्याची आठवणही नसते. हीच तपासणी तुमच्या पत्नीच्या माहेरच्या घराचीही करा, कारण ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. सासरे वारले असतील आणि वारसनोंदीत मुलींची नावं लागली असतील, तर पक्क्या घरात तुमच्या पत्नीचा हिस्सा आहे असाच त्याचा अर्थ. शेतजमीन किंवा मोकळा प्लॉट मात्र पक्कं घर नव्हे. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणून कुणी अपात्र होत नाही.

उताऱ्यावर नाव निघालंच, तर अनुदानासाठी घाईघाईत हक्कसोडपत्र करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. वडिलोपार्जित घरातला हक्क कायमचा जातो, बहीणभावांत गैरसमज होतात, आणि एवढं करून मिळणार काय, तर पाच वर्षांत पावणेदोन लाख. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेला उतारा दाखवून लेखी विचारा. स्वयंघोषणापत्रात तर चुकूनही खोटं लिहू नका. सगळ्यांचे आधार क्रमांक नोंदलेले असतात आणि पुढे कधी गोष्ट उघडकीला आली, तर दिलेलं अनुदान परत मागितलं जाऊ शकतं.

घरकुल योजनांची अट त्याच धर्तीची आहे. रमाई आवास, शबरी आवास, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत किंवा याआधीची प्रधानमंत्री आवास, यांपैकी कशाचाही लाभ तुम्ही दोघांपैकी कुणी घेतला असेल तर अडचण. वडिलांनी घेतला असेल, तर ते तुमच्या कुटुंबाच्या खात्यात मोजलं जात नाही.

उत्पन्नाचं बोलायचं, तर ८ लाख ४० हजार हा आकडा तुम्ही कशावरून काढलात? खात्यात जमा होणाऱ्या पगारावरून काढला असेल तर पुन्हा मोजा. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर कापण्याआधीचा, फॉर्म १६ मधला एकूण पगार दोघांचा मिळवा. बोनस आणि ओव्हरटाइमही त्यात असतो. ९ लाखांची रेघ तुमच्यापासून फक्त ६० हजारांवर आहे. दोघांच्या एकेका पगारवाढीत किंवा एका दिवाळी बोनसमध्ये ती ओलांडली जाते.

याच संदर्भात कर्जाच्या एजंटकडून होणारा एक घोटाळा लक्षात ठेवा. जास्त कर्ज बसावं म्हणून तो तुमच्या अर्जात शिकवण्यांचं उत्पन्न, भाडं, शेतीचं उत्पन्न असं काहीबाही घालतो आणि अनुदानाच्या अर्जात मात्र निव्वळ पगार लिहितो. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये, एकाच अधिकाऱ्यापुढे येतात. एकीकडे १० लाख उत्पन्न आणि दुसरीकडे ८ लाख ४० हजार असं दिसलं, की अनुदानाचा अर्ज थांबतो, आणि अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. कर्जाच्या अर्जातलं उत्पन्न नि अनुदानाच्या अर्जातलं उत्पन्न एकच हवं, रुपयाचाही फरक नको. कोऱ्या अर्जावर सह्या करून देऊ नका. भरलेला अर्ज वाचून, त्याची छायाप्रत घेऊन मगच सही करा.

आता तुमच्या फाइलमधली खरी अडचण, ते २७ लाख. ज्याचं कर्ज २५ लाखांच्या वर आहे त्याला अनुदानच नाही. '२५ लाखांपर्यंतच्या भागाला मिळेल आणि वरच्या २ लाखांना मिळणार नाही', असा अर्थ अनेक जण लावतात, तो चुकीचा. किमतीचंही तसंच. घर ३५ लाखांच्या वर गेलं की संपलं. तुमचं ३४ लाखांचं आहे, पण त्यात पार्किंग, क्लबहाउस, वीजजोडणी वगैरेचे पैसे धरलेत का? बिल्डरकडून सगळा खर्च एका कागदावर लिहून घ्या आणि करारनाम्यात कोणता आकडा येणार ते बघा. किंमत ३५ च्या आत बसवायला 'वरचे रोख द्या' असं कुणी सुचवलं तर तिथून उठून या. त्या रोख रकमेची तुमच्याकडे पावती नसते, आणि पुढे प्रकल्प रखडला तर ती मागायलाही जागा उरत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. कर्ज देताना बँका कर्जदाराचा विमा काढायला सांगतात आणि त्याचा एकरकमी हप्ता बऱ्याचदा कर्जातच मिळवतात. तुम्ही २४ लाख ८० हजार मागता, विम्याचे ५०-६० हजार त्यात चढतात आणि मंजुरीपत्रावर २५ लाखांच्या वरचा आकडा येतो. विमा जरूर घ्या. घरात कर्ज असताना तो हवाच. पण हप्ता खिशातून भरा किंवा वेगळा मुदत विमा घ्या.

मग २७ चे २५ करावेत का? तुमचा हिशेब मांडतो. ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी २७ लाखांचा मासिक हप्ता साधारण २३,४३० रुपये येतो, २५ लाखांचा साधारण २१,७००. म्हणजे २ लाख जास्तीचे तुम्ही घातलेत, तर हप्ता दरमहा १,७०० रुपयांनी उतरतो आणि वर १ लाख ८० हजारांपर्यंतचं अनुदान खुलं होतं. हे २ लाख तुमच्या बचतीत, मुदत ठेवीत असतील किंवा घरच्यांकडून बिनव्याजी मिळत असतील, तर नक्की करा. त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावं लागणार असेल, तर करू नका. वैयक्तिक कर्जाचा दर गृहकर्जाहून बराच जास्त असतो, ते तीन-चार वर्षांत फेडायचं असतं, आणि नव्या घराच्या पहिल्या वर्षांत दोन-दोन हप्त्यांचा ताण संसाराला झेपत नाही. आणीबाणीसाठी ठेवलेले पैसेही यात घालू नका.

शिवाय हातात किती पैसे लागतील तेही आत्ताच बघा. ३४ लाखांच्या घराला २५ लाख कर्ज, म्हणजे ९ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर २ लाख ४ हजार, नोंदणी शुल्क ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून वस्तू व सेवा कर. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट महानगरात ६० व इतरत्र ९० चौरस मीटरच्या आत असलेल्या घराला तो १ टक्का आहे, म्हणजे ३४ हजार. एकूण जवळपास ११ लाख ७० हजार. अनुदानाची रक्कम यातल्या एकाही खर्चाला उपयोगी पडत नाही, कारण ती नंतर येते आणि कर्जखात्यात जाते. वर्षाला जास्तीत जास्त ३६ हजार, म्हणजे तुमच्या मासिक हप्त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त. म्हणून अनुदान शून्य धरून घर परवडतं का ते ठरवा. तसं परवडत नसेल, तर अनुदानाने ते परवडणारं होत नाही.

तुमचा फ्लॅट ग्रामपंचायत हद्दीत आहे, याकडे तुमच्या बिल्डरनेही बहुधा लक्ष दिलेलं नाही. ही योजना शहरी आहे. २०११ च्या जनगणनेतली वैधानिक शहरं, त्यानंतर अधिसूचित झालेली शहरं, आणि अधिसूचित नियोजन क्षेत्रं किंवा विकास प्राधिकरणांची क्षेत्रं तिच्यात येतात. महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरचं गाव जर अशा अधिसूचित नियोजन क्षेत्रात असेल, तर चालतं. नसेल, तर तिथे शहरी व्याज-अनुदान लागू होत नाही. बिल्डरकडून बांधकाम परवानगीची प्रत मागा आणि ती कोणत्या प्राधिकरणाने दिली ते पाहा. मग तो सर्व्हे किंवा गट क्रमांक घेऊन कर्ज देणाऱ्या संस्थेकडून खातरजमा करा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, परवानगी आणि कार्पेट क्षेत्रही बघायला मिळतं. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती त्यात धरत नाहीत. तुमचं ५८ चौरस मीटर १२० च्या कितीतरी आत असल्याने क्षेत्रफळाची काळजीच नको.

घर कुणाच्या नावावर घ्यायचं, हा निर्णयही आत्ताच घ्यावा लागेल. योजनेत घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर असावं. घरात प्रौढ स्त्री नसेल तरच ते एकट्या पुरुषाच्या नावावर चालतं. हे फक्त कागदापुरतं नाही, याबद्दल मला मनापासून वाटतं. घराच्या करारावर बाईचं नाव असणं तिच्या पुढच्या आयुष्यात फार मोठा आधार ठरतं. महाराष्ट्रात त्यात आणखी एक सवलत आहे: निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. तुमच्या बाबतीत ३४ हजार. पतीचं नाव जोडलं की ती जाते. दुसऱ्या बाजूने, पती फक्त सहकर्जदार असेल आणि मालक नसेल, तर जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची आणि मुद्दलाची वजावट त्याला घेता येत नाही. तुम्ही दोघं नवी करप्रणाली निवडत असाल, तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळत नाही. मग पत्नीच्या एकट्या नावावर घेणं सरळ फायद्याचं. दोघांची संमती असेल तर मी तेच सुचवेन.

आता प्रक्रिया. अर्ज योजनेच्या एकत्रित संकेतस्थळावर करता येतो किंवा कर्ज देणाऱ्या बँकेमार्फत, गृहवित्त कंपनीमार्फत. ती संस्था योजनेत नोंदलेली असली पाहिजे. पतसंस्थेच्या कर्जावर हे अनुदान मिळत नाही. अर्जदाराचं आणि कुटुंबातल्या सगळ्यांचं, मुलांचंही, आधार लागतं. आधारशी जोडलेलं बँक खातं, उत्पन्नाचा पुरावा, पक्कं घर नसल्याचं घोषणापत्र आणि मालमत्तेचे कागदही लागतात. संस्था तुमची पात्रता तपासते, कर्ज मंजूर करून वितरित करते आणि मग तुमचा दावा राष्ट्रीय आवास बँक किंवा हुडकोसारख्या केंद्रीय नोडल संस्थेकडे (केंद्राच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे) पाठवते. तिथे आधारच्या आधाराने दुहेरी लाभ तपासला जातो. दावा मान्य झाला की पैसे तुमच्या संस्थेमार्फत कर्जखात्यात येतात.

किती दिवस लागतात, याचं ठाम उत्तर कुणीही देऊ शकत नाही. कुणी छातीठोकपणे दिवस सांगितले, तर त्याच्यावर विसंबू नका. पण फाइल कुठे अडकते, ते मात्र सांगता येतं. पहिलं कारण म्हणजे नावं. पत्नीचं आधार माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या नावाने, बँक खात्यात मधलं नाव वडिलांचं, आणि करारनाम्यात चौथंच काहीतरी. मराठी घरात हे इतकं सर्रास आढळतं, की कर्जाचा अर्ज करायच्या आधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद दाखवून आधार, पॅन आणि बँक खातं एकाच नावावर आणा, असं मी प्रत्येकाला सांगतो. करार नोंदला आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या कराराचा उतारा) हातात आला, की नावातली चूक दुरुस्त करायला पुन्हा नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दुसरं कारण, आधार बँक खात्याशी जोडलेलं नसणं. तिसरं, आणि सगळ्यात त्रासदायक, शाखेने कर्ज दिलं पण अनुदानाचा दावा पुढे पाठवलाच नाही, हे. शाखेतला माणूस बदलतो, फाइल कपाटात राहते आणि कर्जदार समजतो की दिल्लीत काम चालू आहे.

त्यावर उपाय एकच, लेखी मागणं. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी शाखेला ईमेल करा: हे कर्ज शहरी २.० च्या व्याज-अनुदानासाठी पात्र धरलंय का, मंजूर रकमेत विमा धरून आकडा किती, मालमत्ता योजनेच्या क्षेत्रात येते का. वितरण झाल्यावर अर्ज क्रमांक आणि दावा पाठवल्याची तारीख मागा. ही तारीख ज्याच्याकडे असते त्याची फाइल सहसा हरवत नाही. 'साहेब, बघून सांगतो' या उत्तरावर परत येऊ नका.

अनुदान सुरू झालं तरी एक अट पाच वर्षं डोक्यावर असते. प्रत्येक वार्षिक हप्ता सुटताना कर्ज चालू असलं पाहिजे आणि मूळ मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त रक्कम बाकी असली पाहिजे. मराठी माणसाला कर्ज लवकर फेडण्याची ओढ असते, आणि ती चांगलीच आहे. पण इथे ती जपून वापरावी लागते. समजा दुसऱ्या वर्षी वडिलांनी जमीन विकून १३ लाख दिले आणि तुम्ही ते २५ लाखांच्या कर्जात भरले. बाकी मुद्दल साडेबारा लाखांच्या खाली गेलं, आणि उरलेले अनुदानाचे हप्ते बंद. त्याऐवजी थोडे भरा, बाकीचे मुदत ठेवीत ठेवा आणि पाचवा हप्ता जमा झाल्यावर भरा. अर्थात दोन्हीकडचा हिशेब मांडून. १३ लाखांवर वाचणारं व्याज बुडणाऱ्या अनुदानापेक्षा कितीतरी मोठं असेल, तर अनुदानाच्या मोहात कर्ज अंगावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

मुदतही याच कारणाने विचार करून निवडा. ८.५ टक्के दराने ७ वर्षांच्या कर्जाचं मुद्दल सुमारे ४ वर्षांतच निम्म्यावर येतं, म्हणजे शेवटचा हप्ता धोक्यात. २० वर्षांच्या कर्जात ते निम्म्यावर यायला जवळजवळ १४ वर्षं लागतात. तुमच्या उत्पन्नाला १५ ते २० वर्षं ठीक आहेत. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं असेल, तर उरलेल्या हप्त्यांचं काय होणार, हे दोन्ही बँकांकडून लेखी घेतल्याशिवाय हलवू नका. पाव टक्का व्याज वाचवायला जाऊन ३६ हजारांचा वार्षिक हप्ता गमावणं परवडत नाही. मासिक हप्ते थकू देऊ नका, हे तर वेगळं सांगायला नको.

आधीपासून चालू असलेलं, १ सप्टेंबर २०२४ च्या आधीचं कर्ज नव्या बँकेत नेऊन 'नवं कर्ज' म्हणून अनुदान घेता येतं का, असं बरेच जण विचारतात. येत नाही. जुना, पुनर्विक्रीचा फ्लॅट मात्र चालतो, फक्त किंमत आणि बाकीच्या अटी त्याच.

नाशिकलगतचा हा फ्लॅट शहरी हद्दीच्या अटीत बसला नाही आणि तुमच्याकडे शहरात स्वतःचा छोटा प्लॉट असेल, तर स्वतः बांधण्याचा भाग बघता येतो. पण तो ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा हिस्सा त्यात टप्प्याटप्प्याने मिळतो आणि अर्ज नगरपालिकेमार्फत होतो. तुमच्या उत्पन्नाला तो लागू नाही. नात्यात कुणाला उपयोगी पडेल म्हणून इथे सांगितलं.

या सगळ्यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. अनुदानाचा अर्ज 'पास करून देतो' म्हणून एजंट रक्कम मागतो, तेव्हा तो तुमच्याच पात्रतेचे पैसे मागत असतो. तुम्ही पात्र असाल तर त्याची गरज नाही, नसाल तर तो काही करू शकत नाही. त्याला आधारचा ओटीपी तर कधीच देऊ नका.

कर्ज वितरित होऊनही शाखा दावा पाठवत नसेल, तर आधी त्याच संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर लोकपाल नव्हे, राष्ट्रीय आवास बँकेच्या तक्रार पोर्टलवर जावं लागतं. तुमचं कर्ज यांपैकी कोणाचं असणार आहे, ते मंजुरीपत्राच्या पहिल्याच पानावर संस्थेच्या पूर्ण नावावरून कळेल.